अतिवृष्टी अनुदानाची गावची यादी चावडीवर लावावी का?

सीनाकाठचा
मंडळी, प्रश्न सरळ आहे. सरकारी अनुदान कुणाला मिळालं, त्याचा गट नंबर, बाधित क्षेत्र आणि रक्कम, अशी यादी गावात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावावी का? माझं मत आधीच सांगून टाकतो: लावलीच पाहिजे.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेचं पाणी आमच्या शिवारात शिरलं. सोयाबीन काढणीला आलेलं, शेंगा जागेवरच फुगून उगवल्या. ऑक्टोबरात सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, तीन हेक्टरांपर्यंत. वर रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी १०,०००. जमीन खरडून गेली असेल तर ४७,००० रोख आणि बाकीचं काम मनरेगातून. दर सगळ्यांना पाठ आहेत. पण कुणाचं किती क्षेत्र धरलं, ते कुणालाच माहीत नाही.

माझा आणि शेजाऱ्याचा बांध एक. पाणी दोघांच्या रानात सारखंच उभं होतं. त्याचं ८० आर धरलं, माझं ४० आर (१०० आर म्हणजे एक हेक्टर). म्हणजे जिरायती दर आणि बियाण्याचे मिळून त्याला १४,८०० बसतात, मला ७,४००. विचारायला गेलं की एकच उत्तर, "यादी वर गेली." शेजाऱ्याचं चांगलं झालं याचं मला वाईट वाटत नाही, पण तो आता माझी नजर चुकवतो. त्याला वाटतं मी त्याची तक्रार करीन. केवायसीसाठी प्रत्येक शेतकऱ्याला दिलेल्या विशिष्ट क्रमांकांची यादी व्हॉट्सॲपवर फिरते, तीही अर्धीमुर्धी. पैसे पडल्यानंतरची यादी गावात कुणीही पाहिलेली नाही.

तुमच्याकडे काय पद्धत आहे?

बांधकरी
+१. आमच्याकडे एकदा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर नुसती खळ राहिली होती. कुणी फाडली ते अख्ख्या गावाला ठाऊक, पण नाव घ्यायला कुणी तयार नाही.

गोदाखोरे
यादी का लावावी याचं उत्तर आमच्या जालना जिल्ह्याने दिलेलं आहे. २०२२ ते २०२४ मधल्या अतिवृष्टी आणि गारपिटीच्या अनुदानात अंबड, घनसावंगी तालुक्यांत काय झालं ते वाचलं असेलच. ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांची नावं घातली, क्षेत्र फुगवलं, एकाच माणसाला दोनदा रक्कम टाकली. २०२५ मध्ये चौकशी झाली, तलाठ्यांसह बरेच कर्मचारी निलंबित झाले, पुढे गुन्हे दाखल झाले.

आता विचार करा. गावात कुणाच्या नावावर किती रान आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ज्याची टीचभर जमीन नाही, त्याच्या नावापुढे दोन हेक्टर लिहिलेली यादी चावडीवर लागली असती तर संध्याकाळपर्यंत बोभाटा झाला असता. चौकशी समिती नेमायची वेळच आली नसती. लेखापरीक्षक मुंबईहून येतो, त्याला शिवार काय कळणार?

जुनं दप्तर
मी महसूल खात्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. सगळ्यांनी तलाठ्याला धरून झोडपण्याआधी थोडं ऐका.

पंचनामा तिघे मिळून करतात: तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), ग्रामसेवक आणि कृषी सहायक. ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान असेल तरच नाव घेता येतं. एका सज्जाला, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, दोन-दोन, तीन-तीन गावं. रस्ते पाण्याखाली, पूल वाहून गेलेले, आणि वरून आदेश असतो की आठवडाभरात अहवाल पाहिजे. अशा वेळी प्रत्येक गटात पाय ठेवणं शक्य होत नाही, हे मान्य करा. मग काय होतं? कोतवाल, पोलीस पाटील आणि गावातले चार लोक बसून सांगतात, "हे सगळं गेलं, हे अर्धं गेलं." जो तिथे बसलेला असतो त्याचं क्षेत्र पूर्ण लिहिलं जातं, जो म्हशी सोडवायला गेलेला असतो त्याचं निम्मं. सीनाकाठचे भाऊ, तुमच्या ४० आरांची गोष्ट बहुतेक अशीच असणार. यात दरवेळी लबाडी नसते.

त्यानंतर सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि ई-पीक पाहणी (मोबाइलवरून केलेली पिकाची नोंद) यांच्याशी मेळ घालायचा. आधारवर नाव एक, सातबाऱ्यावर वडिलांनी लावलेलं दुसरं. खातेदार मयत आणि वारसाचा फेरफार झालेला नाही. सामायिक खातं आणि भावांचं एकमेकांशी बोलणं बंद. या सगळ्यातून एक्सेलची फाइल तयार होते, तालुक्याला जाते आणि पोर्टलवर चढते. एकदा चढली की त्यात दुरुस्ती करणं फार कठीण.

म्हणून मी म्हणतो, पैसे पडल्यावर यादी लावून उपयोग थोडा. यादी लावायची ती पोर्टलवर चढवायच्या आधी. प्रारूप यादी लावा, हरकतींना चार दिवस द्या, त्या मिटवा आणि मग चढवा. मतदार याद्यांना आपण हेच करतो ना?

बांधकरी
दप्तरकाका, म्हशी सोडवायला गेलेल्याचं निम्मं, हे अगदी खरं. आमच्या आबांचं तसंच झालंय.

कपाशीची वेच
मी यवतमाळकडची. बायकांच्या बचत गटांचं काम करते. मला ही यादी लावण्याची कल्पना मान्य नाही, आणि का ते नीट सांगते.

आमच्या गटातल्या एका ताईचा नवरा गेला. जमीन सासऱ्याच्या नावावरून तिच्या आणि दोन दिरांच्या नावावर सामायिक चढली. २०२३ च्या खरिपाचं कापूस-सोयाबीनचं अनुदान आलं, हेक्टरी ५,०००, दोन हेक्टरांपर्यंत. सामायिक खातं असलं की बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. धाकट्या दिराने सही करायला निम्मे पैसे मागितले. तिने दिले. दुसरा इलाजच नव्हता. उरलेले पैसे खात्यात पडले, त्या संध्याकाळी किराणा दुकानदार दारात उभा. दुसऱ्या दिवशी खतवाला आला, मग हातउसने दिलेली नणंद. तिला कुणी सांगितलं पैसे आल्याचं? ज्या पोराने सेतू केंद्रात केवायसी केली त्याने.

तिच्या मुलीची परीक्षेची फी त्या पैशातून भरायची होती. ती राहून गेली.

चावडीवर नाव आणि रक्कम लिहायची म्हणजे प्रत्येक एकट्या बाईच्या दारात घेणेकऱ्यांची रांग लावून द्यायची. ज्याच्या घरात चार पुरुष आहेत त्याला कुणी विचारत नाही. तुम्ही सगळे बोगस नावं पकडायचं बोलताय, ते बरोबरच आहे. पण यादी वाचणारा प्रत्येक जण बोगस नावच शोधत असतो असं नाही.

सीनाकाठचा
ताई, तुमचं वाचून थांबलो. या बाजूने मी विचार केला नव्हता. यावर बाकीच्यांनीही बोलावं.

रानपाखरू
आमच्या गावात यादीची गरजच पडत नाही. रविवारी कुणाच्या चुलीवर मटण चढलंय त्याचा वास आला की कुणाचं अनुदान जमा झालं ते आळीला कळतं. 😄

हेसेनवासी
कपाशीच्या वेचताईंचा मुद्दा युरोपात थेट न्यायालयापर्यंत गेला होता, म्हणून लिहितो. मी जर्मनीत हेसेन राज्यात राहतो. युरोपीय संघ शेतकऱ्यांना दरवर्षी मोठी रक्कम देतो. कुणाला किती दिले ते नावानिशी इंटरनेटवर टाकायचं असा नियम २००८ च्या सुमारास आला. त्याविरुद्ध इथल्याच शेतकऱ्यांनी दावा लावला. नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की जनतेचा पैसा कुठे जातो हे जनतेला कळलं पाहिजे हे खरं, पण व्यक्तीच्या बाबतीत सरसकट नाव-रक्कम छापणं हे प्रमाणाबाहेरचं आहे. तो नियम व्यक्तींपुरता रद्द झाला.

२०१३ मध्ये नवा नियम आला. नावं परत आली, पण १,२५० युरो किंवा त्याहून कमी मिळालेल्यांचं नाव झाकायचं. तिथे नावाच्या जागी एक सांकेतिक क्रमांक दिसतो, रक्कम आणि गाव मात्र दिसतं. यादी दोन वर्षं दिसते, मग काढतात. थोडक्यात, मोठा घेणारा उघडा आणि छोटा झाकलेला.

दोन बैल एक औत
भाऊ, १,२५० युरो म्हणजे आपले लाखाच्या वर झाले. तो नियम इथे लावला तर आमच्या तालुक्याची पूर्ण यादी झाकलेलीच राहील. मग भिंतीवर काय लावायचं, गावाचं नाव?

हेसेनवासी
बरोबर आहे, आकडा तसाच उचलता येणार नाही. पण नाव आणि रक्कम वेगवेगळं करता येतं, एवढं तरी त्यावरून दिसतं.

मक्याच्या मुलखात
आयोवातून. मूळचा सांगलीकडचा, इथे बियाण्याच्या क्षेत्रात नोकरी करतो. हेसेनवासींनी युरोपचं सांगितलं, अमेरिका त्याच्या अगदी उलट टोकाला आहे. एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप नावाची संस्था माहितीच्या कायद्याखाली कृषी खात्याकडून आकडे मिळवते आणि १९९५ पासूनचं सगळं काउंटीवार लावते. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या मधलं काहीतरी समजा. तुम्ही काउंटीचं नाव टाका, सर्वांत जास्त पैसे घेणाऱ्यांची उतरत्या क्रमाने यादी समोर येते, नावासकट. माझ्या ओळखीचे शेतकरी यावर चिडतात, पण प्रत्येकाने शेजाऱ्याचा आकडा बघितलेला असतो.

त्यातून एक गोष्ट नक्की झाली. पैसा मोठ्यांकडे किती वाहतो हे लोकांना आकड्यांत दिसलं. 'लहान शेतकऱ्याला मदत' असं म्हणत दर पाच वर्षांनी शेतीचा कायदा होतो, आणि यादीत वरचे दहा टक्के लोक बहुतेक रक्कम घेऊन जाताना दिसतात. माणशी मर्यादा आहे, १,२५,००० डॉलर होती, २०२५ च्या कायद्याने १,५५,००० केली. ती चुकवायला लोक भाऊ, बायको, पुतणे भागीदारीत घालतात. हेही त्या यादीतूनच उघड झालं.

दोन गोष्टी इथल्या मला आवडतात. एक, कृषी खात्याच्या काउंटी कार्यालयावर शेतकऱ्यांनी मतदानाने निवडलेली समिती असते, तीन ते अकरा जणांची. तुमचं क्षेत्र चुकीचं धरलं तर दाद आधी त्यांच्याकडे मागायची. ते तुमच्यासारखेच शेती करणारे असतात, त्यांना शिवार माहीत असतं. दुसरी, जमीन रोख खंडाने घेतली असेल तर पिकाचं अनुदान कसणाऱ्याला मिळतं, मालकाला नाही. वाट्याने असेल तर दोघांत वाटून.

वाटेकरी
वरच्या शेवटच्या ओळी दोनदा वाचल्या. आमच्याकडे याच्या बरोबर उलट.

मी दुसऱ्याचं रान बटईने करतो. मालक पुण्याला नोकरीला. बी माझं, खत निम्मं माझं, मजुरी माझी. पाण्यात गेलं तेही माझंच गेलं. अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाला पडलं. ई-पीक पाहणीसुद्धा मीच माझ्या मोबाइलवरून केली, चिखलात उभं राहून फोटो काढले, पण नोंद मालकाच्या खात्यावर. मालक माणूस चांगला आहे, त्याने निम्मे पाठवले. सगळे मालक तसे नसतात. लेखी करार करायला कुणी तयार नाही, कुळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती अजून प्रत्येकाच्या डोक्यात आहे.

तुमच्या यादीत माझं नाव कुठल्या रकान्यात येणार, ते सांगा.

दोन बैल एक औत
वाटेकरी दादा, तुमच्यासारखे आमच्या गावात निम्मे तरी असतील. पीएम किसानचंही तेच आहे. २०१९ पासून वर्षाला ६,००० येतात, २०२३ पासून राज्याच्या नमो योजनेचे ६,००० वर. पण जमीन नावावर असेल तरच. कसतो कोण हे कुणी विचारत नाही.

ठिबकवाला
तुम्ही अतिवृष्टीचं बोलताय, माझं ठिबकचं अनुदान अजून पडलं नाही. अल्पभूधारकाला ८० टक्के म्हणतात, पण आधी सगळे पैसे आपण भरायचे. बिल अपलोड झालं, मोका (जागेवरची) तपासणी झाली, नळ्यांसोबत उभं करून माझा फोटो काढला. पोर्टलवर तेव्हापासून एकच ओळ दिसते. विक्रेत्याची उधारी आहे, त्याचं व्याज मी भरतोय. कुणाला काही अनुभव?

जुनं दप्तर
ठिबकवाले, त्याचा वेगळा धागा काढा, बरेच जण लिहितील. इथे मिसळलं तर दोन्ही राहील. तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, एवढं मात्र आजच करा.

मंडळ अधिकारी नव्हे
आयोवाच्या मित्रांना एक विचारायचं आहे. काउंटीवार पैसे मिळतात म्हणजे नुकसान काउंटीचं बघतात की शेतकऱ्याचं? आमच्याकडे दुखणं तेच आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी. मापक एका ठिकाणी, मंडळ पसरलेलं कितीतरी गावांवर. ढगफुटी आमच्या डोंगराकडच्या अंगाला झाली आणि मापक बसवलेल्या गावात नुसती भुरभुर, असं घडलंय. पीक विम्यातही उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते ते, मंडळाचं धरतात.

मक्याच्या मुलखात
दुखणं तेच. काउंटीच्या सरासरीवर चालणारी एक योजना आहे. त्यात काउंटीचं त्या पिकाचं एकरी उत्पन्न (पैशांतलं) ठरलेल्या पातळीच्या खाली गेलं तरच पैसे मिळतात. माझ्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा मका गारपिटीत झोपला, काउंटीची सरासरी उत्तम होती, त्या योजनेतून त्याला काही मिळालं नाही. उलटही होतं, स्वतःचं पीक छान आणि काउंटीचं पडलं म्हणून पैसे. म्हणून स्वतःच्या शेताचा विमा लोक वेगळा काढतात. सरकार त्याच्या हप्त्याचा मोठा भाग भरतं.

मंडळ अधिकारी नव्हे
इथे तर एक रुपयात विमा होता, २०२३ च्या खरिपापासून. २०२५ ला बंद केला, आता खरिपाला परत दोन टक्के हप्ता. बंद करण्याचं एक मोठं कारण बोगस अर्ज. सरकारी जमिनीवर, दुसऱ्याच्या रानावर विमे उतरवले होते लोकांनी. पुन्हा तेच, गावाला दाखवलं असतं तर पहिल्याच वर्षी पकडलं असतं. चोरी करणारे राहिले बाजूला, आणि योजना गेली ती खऱ्या शेतकऱ्यांची.

लासलगावचा बाजार
कांद्याचं उदाहरण देतो. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत. तिथे बाजार समितीची विक्रीची पावती होती. वजन, भाव, तारीख सगळं छापील, त्यामुळे किती क्विंटल यावर वाद फार कमी झाला. वाद झाला तो सातबाऱ्यावर पीक पाहणी नव्हती म्हणून. पैसे हप्त्याहप्त्याने मिळाले हे खरं, पण 'त्याला का जास्त' अशी भांडणं आमच्या गावात झाली नाहीत. ज्याची पावती त्याच्या हातात, त्याला हिशेब करता येतो. पंचनाम्याची पावती शेतकऱ्याला का देत नाहीत? जागेवरच गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र लिहून सही करून एक प्रत द्यायची. यादी लागो न लागो, आपलं किती धरलं हे तरी त्याला त्याच दिवशी कळेल.

सीनाकाठचा
हे फारच कामाचं आहे. माझं ४० आर मला त्या दिवशीच कळलं असतं तर शेजाऱ्याचा विषयच निघाला नसता.

घामाचं दाम
मला हा पूर्ण धागाच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. 'भीक नको, हवे घामाचे दाम' हे शेतकरी संघटनेने सांगून पिढी उलटली. सोयाबीनला हमीभाव मिळत नाही, कांद्यावर निर्यातबंदी लावायची, आणि मग हेक्टरी साडेआठ हजारांसाठी आपण यादीत नाव शोधत बसायचं. भाव द्या, यादी नको नि अनुदानही नको.

गोदाखोरे
दादा, भावाचं सगळं मान्य. पण पुरात गेलेल्या सोयाबीनला भाव कुणी देणार नाही, कारण विकायला पीकच उरलेलं नाही. ही आपत्तीची भरपाई आहे, ती मिळणं आपला हक्क आहे. हक्काच्या पैशाचा हिशेब मागायला लाज कसली?

घामाचं दाम
खरडून गेलेल्या जमिनीचं पटतं. नदीकाठच्या लोकांची माती गेलीय, ती भावाने परत येणार नाही. तरीही मूळ मुद्दा विसरू नका एवढंच.

कोर्टकचेरी
कायद्याचं थोडं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम ४(१)(ख) मध्ये सरकारी कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या गोष्टींची यादी आहे. त्यातलं बारावं कलम अनुदान कार्यक्रमांचंच आहे: ते कसे राबवले, किती रक्कम दिली आणि लाभार्थ्यांचा तपशील. म्हणजे 'यादी लावावी का' हा प्रश्न कायद्याने केव्हाच निकालात काढलेला आहे. कुणी अर्ज करायचीही गरज पडू नये.

दुसरीकडे, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने माहिती अधिकारातलं ८(१)(ञ) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना ती सार्वजनिक हिताशी संबंधित नाही, असं दाखवावं लागायचं. आता ती वैयक्तिक आहे एवढंच म्हणून नकार देता येतो. कार्यालयं याचा आधार घेऊन लाभार्थ्यांची नावं नाकारतील अशी मला काळजी आहे. पण बारावं कलम तसंच आहे, आणि हिताचं पारडं जड असेल तर माहिती देता येते हे ८(२) देखील शाबूत आहे. नकार आला तर अपिलात हे दोन्ही लिहा.

आणखी एक. पीएम किसानच्या संकेतस्थळावर गावनिहाय लाभार्थी यादी कुणीही उघडू शकतं. त्याने आभाळ कोसळलेलं नाही. मात्र आधार, खाते क्रमांक, मोबाइल नंबर यातलं काहीही यादीत असता कामा नये. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाच्या एपीके (मोबाइल ॲपच्या) फाइली पाठवून खाती साफ करणारे टपलेलेच आहेत.

कपाशीची वेच
वकीलसाहेब, पीएम किसानच्या यादीत सगळ्यांना सारखेच दोन हजार. त्यात कुणाचं काही उघडं पडत नाही. हे वेगळं आहे.

दप्तरकाकांचं मात्र पटलं, आणि त्यावरून एक सुचलं. माझी हरकत पैसे पडायच्या दिवशी यादी लागण्याला आहे. पंचनाम्याच्या आठवड्यात नाव, गट आणि क्षेत्र लावा, रक्कम लिहू नका. तेव्हा कुणाच्याच खात्यात काही नसतं, त्यामुळे घेणेकरी दारात येत नाही. बोगस नाव मात्र त्याच वेळी पकडलं जातं.

दोन बैल एक औत
पण ताई, दर सगळ्यांना पाठ आहे. क्षेत्र दिसलं की गुणाकार कुणीही करील.

कपाशीची वेच
करू दे की. किती मिळणार हे कळलं तरी कधी पडणार हे कळत नाही ना. टप्प्याटप्प्याने पैसे येतात, एकेकाला महिन्यांचा फरक पडतो. ज्या दिवशी पैसे आले तो दिवस तिचा राहिला, तर ती आधी फी भरील आणि मग दुकानदाराचं बघील. आमच्या बायकांना एवढंच हवं असतं.

जुनं दप्तर
अगदी योग्य. आणि खात्याच्या बाजूनेही सांगतो, प्रारूप यादी गावाने बघितलेली असली की नंतर तलाठ्यावर दबाव आणणाऱ्याला तो सांगू शकतो, "साहेब, यादी चावडीवर लागलीय, आता नाव घालता येत नाही." प्रामाणिक माणसाला तोच मोठा आधार असतो. माझ्या नोकरीत असा आधार मला हवा होता.

बांधकरी
आणि ती फाडली तर?

जुनं दप्तर
चावडी वाचन करायचं. सातबाऱ्यांचं वाचन गावोगाव झालंच आहे. कोतवालाने दवंडी द्यायची, तलाठ्याने मोठ्याने वाचायची, हरकत असेल त्याने तिथेच सांगायची आणि इतिवृत्तात नोंद घ्यायची. वाचलेलं कुणाला फाडता येत नाही.

सीनाकाठचा
सगळ्यांचं वाचून पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडायचं ठरवलंय. मसुदा असा:

"नैसर्गिक आपत्तीच्या पंचनाम्याची प्रारूप यादी पोर्टलवर भरण्यापूर्वी चावडीवर लावावी व तिचे वाचन करावे. यादीत खातेदाराचे नाव, गट क्रमांक, पीक व बाधित क्षेत्र असावे. रक्कम, आधार, बँक खाते व मोबाइल क्रमांक नसावा. हरकतींसाठी किमान चार दिवस द्यावेत. पंचनाम्याची सही केलेली प्रत खातेदारास जागेवर द्यावी."

शेजाऱ्याकडे काल स्वतः जाऊन आलो. ठरावाला सूचक मी, अनुमोदक तो. काही राहिलं असेल तर सांगा.

वाटेकरी
'प्रत्यक्ष कसणारा' असा एक रकाना घाला. मालकाची हरकत नसेल तिथे तरी नाव लागू दे. पैसे नाही मिळाले तरी नुकसान माझं झालं हे कुठेतरी लिहिलेलं राहील.

कोर्टकचेरी
तो रकाना 'मालकाच्या लेखी संमतीने' असा ठेवा, नाहीतर कुळाच्या भीतीने सगळे मालक ठरावाविरुद्ध हात वर करतील. आणि ठरावाची प्रत तहसीलला देताना बाराव्या कलमाचा उल्लेख करा.

कपाशीची वेच
सामायिक खात्यात सगळ्या खातेदारांची नावं लिहा, पहिल्या नावापुढे 'व इतर' असं लिहून संपवू नका. बाईचं नाव त्या 'व इतर'मध्येच जातं. आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्या, ठराव तिथेही वाचा.

सीनाकाठचा
दोन्ही घातलं. महिला सभेसाठी सरपंचताईंशी उद्या बोलतो.